धुतलेली रेती

रुपराव आमच्याकडे एक शनिवार सोडून दुसऱ्या शनिवारी सकाळी साडेनऊला येतात. साडेनऊ म्हणजे साडेनऊ. चपला जिन्याखाली काढायच्या, पायजमा दोन घड्या वर घ्यायचा, नळावर कोपरापर्यंत हात धुवायचे, तेही बिनसाबणाने, आणि मग माशांच्या टाकीसमोर स्टूल ओढून पाच मिनिटं नुसतं बसायचं. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला हा माणूस कामचुकार वाटला आणि मी ते बोलूनही दाखवलं. "काम करायला आलात की सिनेमा बघायला?" ते हसले नाहीत आणि रागावलेही नाहीत. "पाहून राह्यलो ताई, कोण कसं पोहून राह्यलं ते. एकदा हात घातला का मंग समजत नाही."

मी उत्तरा. वय त्रेपन्न, सासर नागपुरात लकडगंजला, नोकरी सरकारी, स्वभाव तापट. स्वभावाबद्दल खात्री करून घ्यायची असेल तर माझ्या ऑफिसात कोणालाही विचारा. माहेर सक्करदऱ्यात, तलावापासून दोन गल्ल्या आत; सुटीच्या शनिवारी मी तिथेच असते. माझे वडील कृष्णकांत कारकुनी करून निवृत्त झाले. लोक निवृत्तीनंतर देवाला लागतात, बाबा माशांना लागले. बैठकीत चार फुटांची काचेची टाकी आली, आणि आई, म्हणजे यमुताई, "आता हे आणखी एक खटलं," असं म्हणत म्हणत स्वतःच रोज तिच्यासमोर वाटी घेऊन भाजी निवडायला बसू लागली.

टाकीत अकरा मासे होते. कोरी म्हणतात त्यांना. बोटाएवढे, तोंडाजवळ मिशा असलेले. ते दिवसभर तळाशी मिशा खुपसून काहीतरी हुडकत असतात. आई त्यांना 'मिशाळ' म्हणायची. सुरुवातीला दुकानदाराने तळाला निळे-हिरवे खडे घालून दिले होते. दुकानाकडून टाकी साफ करायला आलेल्या रुपरावांनी पहिल्याच दिवशी ते खडे पाहिले आणि बाबांना सांगितलं, "साहेब, हे खडे काढा. याच्यानं मिशा घासून जातात यायच्या. रेती पाहिजे, बारीक, नदीची." पुढच्या खेपेला ते सावनेरकडून अर्धं पोतं रेती घेऊन आले. दोन चाळण्यांतून चाळलेली. मग आमच्या अंगणात बसून त्यांनी ती साध्या पाण्याने धुतली, बारा वेळा. वर लिंबू पिळून पाहिलं. "फेस आला तं चुना हाये समजाचं. हिच्यात नाही." बाबा बाजूला खुर्ची टाकून बसले होते आणि नातवाच्या बारशाला बसावं इतके खूश होते.

रेती कशी राखायची हे रुपरावांकडून पाहावं. नळीने पाणी ओढताना तिचं तोंड ते रेतीत कधी खुपसत नाहीत. बोटभर वर धरतात आणि हळूहळू गोल फिरवतात. घाण हलकी, ती उठते आणि नळीतून जाते. रेती जड, ती दोन इंच उडून परत जागेवर बसते. महिन्यातून एकदा टाकीचा फक्त एक कोपरा बोटांनी वरवर हलवायचा. पुढच्या महिन्यात दुसरा. सगळी टाकी एका दिवशी कधीच नाही. मी एकदा विचारलं, "एकदाच सगळी काढून धुतली तर काय बिघडतं? तुमचीही कटकट मिटेल."

"दह्याचं भांडं लख्ख घासलं," ते म्हणाले, "आन त्यात नुसतं दूध ओतलं, तं दही कुठून लागन? या रेतीत बारीक जीव राह्यतात ताई. डोळ्याले दिसत नाही. माशायची घाण तेच खातात. ते मेले का मासे आपल्याच घाणीनं मरतात." आणि टाकीच्या तळच्या रेतीकडे बोट दाखवून म्हणाले, "हे विरजण हाये."

हे मला त्यांनी स्वच्छ मराठीत सांगितलं होतं. लक्षात ठेवा.

रुपराव सावनेरच्या अलीकडच्या एका खेड्याचे. घरची शेती थोडी, भाऊ तीन. म्हणून हे कोळशाच्या खाणीत लागले आणि सव्वीस वर्षं जमिनीखाली रेती भरत राहिले. मला हे काम ठाऊकच नव्हतं. कोळसा काढून झाला की खाली मोठी पोकळी उरते. तिथे पाइपातून पाणी आणि रेती सोडतात. पाणी झिरपून निघून जातं, रेती घट्ट बसते, आणि वरची जमीन खचत नाही. वर शेतं असतात, घरं असतात, शाळा असते. त्यांना खाली कोण काय करतंय याचा पत्ताही नसतो. बाबांना या गोष्टीचं फार अप्रूप होतं. येईल त्या पाहुण्याला ते सांगायचे, "रुपरावांनी सव्वीस वर्षं लोकांच्या पायाखालची जमीन धरून ठेवली." रुपराव अवघडून म्हणायचे, "नाही जी साहेब, पगारासाठी केलं." पुढे दम लागायला लागला तसं त्यांनी खाण सोडली, बायको आधीच गेली होती, म्हणून नागपूरला मुलीकडे, श्वेताकडे, राहायला आले. आणि इथेही रेतीच नशिबी आली.

गेल्या नोव्हेंबरात बाबा गेले. सकाळी चहा घेतला, टाकीत दाणा टाकला, खुर्चीत बसले आणि संपलं. मी सव्वा महिन्यासाठी आईपाशी राहायला आले. तिसऱ्या दिवशी रुपराव भेटायला आले. आईसमोर जमिनीवर बसले. निघताना मला जिन्याशी थांबवून म्हणाले, "ताई, मी बारा-तेरा दिवस गावाले जाऊन राह्यलो, कापूस वेचाले माणूस नाही. टाकीले हात नका लावू. रोज चिमूटभर दाणा टाकजा, बस." मी हो म्हटलं.

दहाव्याच्या दिवशी सुतक फिटतं. घर धुऊन काढायचं, अंथरुणं-पांघरुणं भिजवायची, गोमूत्र शिंपडायचं. शेजारच्या पुष्पलताकाकू सकाळीच येऊन सांगून गेल्या, "साठवणीचं पाणी सगळं ओतून टाक गं उत्तरा. माठ, पिंप, हंडे, काही ठेवू नकोस. मेल्या घरचं शिळं पाणी ठेवायचं नसतं." मी दुःखात रडत नाही, घासते. आईला सासू गेली तेव्हा रडताना पाहिलं होतं. मी माझी सासू गेली तेव्हा स्वयंपाकघराच्या टाइल्सच्या फटी दातांच्या ब्रशने घासल्या होत्या. त्या दिवशी मी माठ ओतला, पिंप ओतलं, कूलरची टाकीसुद्धा ओतली. आणि मग ओल्या पायांनी बैठकीत आले, तर समोर पाण्याने भरलेली चार फुटांची टाकी. दहा दिवसांचं शिळं पाणी. त्यात बाबांनी शेवटचा हात घातला होता.

हे पाणी साठवणीचं की नाही, असा प्रश्न ज्या बाईला पडतो तिला वेडी म्हणावं. मला पडला, आणि उत्तरही मीच दिलं. मासे बादलीत काढले. पाणी मोरीत ओतलं. रेती घमेल्यात भरून मागच्या अंगणात नेली. ती वरून छान होती, पण खालचा थर काळसर निघाला आणि त्याला कुजका वास आला. मला वाटलं, बघा, हा माणूस वरवर हात फिरवून जात होता इतकी वर्षं! मग काय, मी त्यात धुण्याची पावडर टाकली. दोन्ही हातांनी, कोपरापर्यंत, रगडून रगडून धुतली. दहा वेळा नळाखाली खळबळली. टाकीतल्या पाणी गाळायच्या यंत्राचा स्पंजसुद्धा पिळून काढला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, पण तेव्हा कळत नव्हतं. रगडताना पहिल्यांदा रडू आलं मला, आणि बरं वाटलं.

दुपारी आई आतून उठून आली. टाकी आरशासारखी चमकत होती, रेती पांढरी दिसत होती, मासे नव्या पाण्यात फिरत होते. दहा दिवसांत पहिल्यांदा तिचा चेहरा उजळला. "किती स्वच्छ झालं गं! रुपराव येऊन गेले का?"

टाकीला रुपरावांशिवाय कोणी हात लावायचा नाही, हा बाबांचा नियम होता आणि आईला तो वेदासारखा. तिचा उजळलेला चेहरा मला घालवायचा नव्हता.

"हं," मी म्हटलं.

एवढंच. खोटं बोलताना ते कौतुक होतं, त्याचा आरोप होईल हे डोक्यातही आलं नाही.

दोन दिवसांनी मासे पाण्याच्या वर येऊन तोंड उघडू लागले. तेरवीच्या दिवशी सकाळी तीन मासे उलटे तरंगत होते, संध्याकाळी आणखी दोन. आई पंगतीत वाढायचं सोडून टाकीपाशी उभी राहून मोजत होती. अकराचे सहा, सहाचे पाच, पाचांचे चार. बाबा गेले तेव्हा तिने धीर धरला होता. एकेक मिशाळ गेला तशी ती खचत गेली. जेवण सुटलं. रात्रभर डोळ्याला डोळा नाही. "त्यांनी लेकरांसारखे सांभाळले," ती म्हणायची, "आणि मला पंधरा दिवस सांभाळता आले नाहीत."

आणि मग तिला दोषी सापडला. "रुपरावांनी दहाव्याला येऊन काहीतरी घात केला. धड लक्ष दिलं नाही. मालक गेला ना, आता कोण विचारतो!" भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला ती हे सांगू लागली. आमच्या गल्लीत पाच घरी टाक्या होत्या, पाचही रुपराव बघायचे. पाचही घरच्या बायका येऊन ऐकून गेल्या. मी चहाचे कप उचलत होते. चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि चोर ट्रे घेऊन उभा.

मला पुष्कळदा तोंडाशी आलं. पण आई जेवत नव्हती. वाटायचं, जेवू लागली की सांगू, झोपली की सांगू. माणूस स्वतःला किती सवलती देतो, हे मी इतकी वर्षं दुसऱ्यांच्या रजेच्या अर्जांत पाहत आले आहे.

सोळाव्या दिवशी शनिवार होता. साडेनऊला रुपराव आले. हात धुतले, स्टूल घेतलं, बसले आणि लगेच उठले. बाही वर करून त्यांनी टाकीत हात घातला, चिमूटभर रेती काढली, बोटांत चोळली, नाकाशी नेली. तेवढ्यात आई आतून आली.

"आता काय बघता? दहाव्याला येऊन काय करून गेलात तुम्ही? सात मेले, रुपराव! सात! त्यांच्या मागे एवढंही जमलं नाही तुम्हाला?"

रुपरावांनी आईकडे पाहिलं. मग माझ्याकडे. मी दारात होते, हातात पोछा. "मी तं गावाले होतो," एवढं म्हटलं असतं तर ते सुटले असते. कापूस वेचून त्यांच्या बोटांची टोकं अजून फाटलेली होती.

"चुकलं आई," ते म्हणाले. "दुरुस्त करून देतो."

त्या दिवसापासून ते रोज आले. श्वेताच्या घरी त्यांची स्वतःची लहानशी टाकी होती, तिच्यातली जुनी, न धुतलेली रेती त्यांनी ओढणीच्या फडक्यात बांधून आणली आणि आमच्या टाकीच्या तळाशी ठेवली. अंगणात दोन बादल्या पाणी आदल्या दिवशी भरून ठेवायचं, रोज टाकीतलं पाव पाणी काढायचं, तेवढंच हे घालायचं. दर वेळी नळी तोंडाने ओढून पाणी सुरू करताना त्यांना खोकला यायचा. आई त्यांच्याकडे पाठ करून बसायची. इतकी वर्षं न चुकता मिळणारा चहा तिने बंद केला. मी एकदा कप नेऊन ठेवला, तर त्यांनी तो हाताने बाजूला सरकवला. "आई देतील तवा घेईन."

चौदा दिवस हे चाललं. चारांपैकी एक गेला, तीन राहिले. तीन पुन्हा तळाशी गेले आणि रेतीत मिशा खुपसू लागले. त्या दिवशी आईने दोन पोळ्या खाल्ल्या. आता सांगायला हरकत नव्हती. तरी मी सांगितलं नाही.

मग पुष्पलताकाकू भेटल्या, भाजीच्या ठेल्यावर. सहज म्हणाल्या, "आम्ही तर काढलं बाई रुपरावांना. पाचही घरांनी काढलं. यमुताईंसारखी बाई खोटं थोडीच सांगणार." मी मेथीची जुडी परत ठेवली आणि तशीच श्वेताच्या घरी गेले.

रुपराव बाजेवर बसून चाळणीची जाळी शिवत होते. मी उभ्या उभ्या सगळं सांगून टाकलं. पावडर, घमेलं, 'हं', सगळं. ते ऐकत राहिले. सुई थांबली नाही.

"मले माहीत हाये ताई. रेतीले पावडरचा वास होता."

"मग बोलला का नाहीत?"

"साहेब गेले. घरात तुमी दोघीच. त्या बाईनं माह्यावर भरोसा ठेवाचा का पोरीवर? म्या म्हनलं, माह्यावरचा गेला तं चालते."

"पाच घरं गेली तुमची! मला माफ करा, रुपराव."

तेव्हा त्यांनी सुई ठेवली. पहिल्यांदाच आवाज चढला त्यांचा, फार नाही, थोडा. "मले काहून सांगून राह्यल्या? मले तं माहीतच होतं. ज्याले माहीत नाही त्याले सांगा ना."

मी घरी आले. आई टाकीसमोर शेंगा सोलत बसली होती. मी तिच्यासमोर जमिनीवर बसले, लहानपणीसुद्धा अशी बसले नसेन, आणि म्हटलं, "आई, रेती मी धुतली. दहाव्याला. रुपराव गावाला होते."

तिचे हात थांबले. "कशाने धुतली?"

"पावडरने."

"आणि ते काही बोलले नाहीत?"

"नाही."

"आणि तूही नाही."

तिने शेंगांची परात बाजूला केली. मला वाटलं, रडेल. ती रडली नाही. "तुझ्या बाबांनी तुला जन्मात कधी एक शब्द म्हटला नाही. आत्ता असते तरी नसते म्हणाले. म्हणून मला म्हणावं लागतं. ऊठ. चपला घाल."

आमच्याकडे नवरा गेलेल्या बाईने सव्वा महिना कोणाच्या दारी जायचं नसतं. अजून चार दिवस बाकी होते. आईने असले नियम मोडल्याचं मला आठवत नाही. मी म्हटलं, "आई, सव्वा महिना होऊ दे, मी एकटीच जाऊन येते." ती जिना उतरू लागली.

पाच घरं. प्रत्येक दाराशी ती पायरीच्या खालीच उभी राहिली, आत बोलावलं तरी गेली नाही. फक्त म्हणायची, "उत्तरा, सांग." पहिल्या दारी, पुष्पलताकाकूंकडे, मी खालच्या आवाजात सांगितलं. आई म्हणाली, "मोठ्याने. मी सांगितलं तेव्हा मोठ्यानेच सांगितलं होतं." मी मोठ्याने सांगितलं. पुष्पलताकाकूंनी माझ्याकडे पाहिलं, मग स्वतःच्या पायांकडे. तीन घरांनी रुपरावांना परत बोलावलं. दोघांनी "असू द्या हो, आता दुसरा माणूस लावलाय" म्हणून दार लावलं, आणि ती दोन घरं आजही परत आलेली नाहीत.

शेवटी श्वेताच्या घरी. रुपराव आईला पाहून धडपडत उठले. "आई, तुमी काहून आल्या? चार दिवस बाकी हायेत ना अजून!"

"ज्या तोंडाने तुम्हाला बोलले, त्याच तोंडाने सांगायला आले. चूक माझ्या घरची होती, रुपराव. पाचही दारी सांगून आले."

रुपरावांनी हात जोडले. तोंड फिरवून त्यांनी उपरण्याने डोळे पुसले, बराच वेळ. बाबा गेल्यावर भेटायला आले त्या दिवशीही मी त्यांना असं पाहिलं नव्हतं. मग म्हणाले, "आत या आई. बसा. माह्या घरी चालते. चहा घ्या."

पाचही घरी पायरीखाली थांबलेली आई आत गेली आणि बाजेवर बसली. श्वेताने चहा टाकला. रुपरावांना मी दारात दिसले. त्यांनी दुसरी खुर्ची ओढली. "ताई, तुमी बी..."

"राहू द्या तिला उभी," आई म्हणाली.

मी उभी राहिले.